पॉप्युलिस्ट हरले, मग त्यांच्या मागण्या जिंकल्या कशा?

सनावळी (धागाकर्ता)

मंडळी, अमेरिकेच्या इतिहासावर लिहिताना एक वाक्य ठरलेलं असतं: १८९६ला पॉप्युलिस्ट (शेतकऱ्यांचा 'पीपल्स पार्टी' हा पक्ष) संपले, पण त्यांच्या मागण्या पुढे प्रोग्रेसिव्हांनी (विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सुधारणावाद्यांनी) पुऱ्या केल्या. पॉप्युलिस्टांचा ४ जुलै १८९२चा ओमाहा शहरातला जाहीरनामा समोर ठेवून एकेक कलम ताडून पाहिलं की हा हिशेब जुळत नाही. चढत्या दराचा प्राप्तिकर आला, सिनेटरांची थेट निवडणूक आली, पोस्टातली बचत बँकही आली. रेल्वे मात्र सरकारच्या मालकीची झाली नाही. चांदीचं १६ला १ (नाण्यांसाठी सोन्याच्या एका भागाला चांदीचे सोळा भाग) झालं नाही. आणि जाहीरनाम्यात जिचा नाव घेऊन उल्लेख आहे, ती 'सब-ट्रेझरी' योजना पुढे कुणी हातात धरलेली दिसत नाही.

तर तीन गोष्टी नेमक्या हव्या आहेत. सब-ट्रेझरी प्रत्यक्षात चालणार कशी होती आणि कुठे अडली असती? १६ला १ या आकड्यामागचं गणित काय? आणि इनिशिएटिव्ह, रेफरेंडम, रिकॉल हे त्रिकूट नेमकं कुणाचं, नि ते चालतं कसं? "ते शेतकरी, हे शहरी मध्यमवर्गीय" हे उत्तर ठाऊक आहे. त्याच्या पुढचं लिहा.

---

गासडी

आधी दुखणं समजून घ्या, मग औषध कळेल. यादवी युद्धानंतर दक्षिणेत रोख पैसा आणि बँका दोन्ही दुर्मीळ झाले. कापूस लावणारा कूळ किंवा छोटा शेतकरी पेरणीआधी दुकानदाराकडे जायचा. दुकानदार अजून न उगवलेल्या पिकावर बोजा लिहून घ्यायचा आणि हंगामभर पीठ, खारवलेलं डुकराचं मांस, खत, कापड उधार द्यायचा. दुकानात मालाला दोन भाव असत, एक रोखीचा आणि एक उधारीचा. समजा रोखीत १ डॉलरला मिळणारी वस्तू उधारीत १.४० डॉलरला लावली. एप्रिलमध्ये उचललेला माल नोव्हेंबरमध्ये फिटला, तर सात महिन्यांना ४० टक्के, म्हणजे दसादशे ६८-६९ टक्के झाले. व्याजदराच्या कायदेशीर मर्यादेचा इथे काही उपयोग नव्हता, कारण खातेवहीत व्याज लिहिलेलंच नसे, फक्त भाव असे. बोजा असल्यामुळे दुसऱ्या दुकानात पत नाही. आणि दुकानदाराला लगेच विकता येईल असंच पीक हवं, म्हणून कापूसच लावायचा. सगळ्यांचा कापूस एकाच वेळी बाजारात, की भाव पडलेलाच.

चार्ल्स मॅक्यून यांनी डिसेंबर १८८९मध्ये सेंट लुइसला फार्मर्स अलायन्स या शेतकरी संघटनेच्या अधिवेशनात मांडलेली योजना नेमकी या गाठीवर होती. ज्या काउंटीत (जिल्ह्यासारख्या विभागात) वर्षाला ५ लाख डॉलरहून जास्त शेतमाल विकला जातो, तिथे केंद्र सरकारचं गोदाम बांधायचं. कापूस, गहू, मका, तंबाखू, लोकर, साखर असा न नासणारा माल शेतकऱ्याने तिथे ठेवायचा. स्थानिक बाजारभावाच्या ८० टक्के रक्कम सरकारी चलनी नोटांत लगेच त्याच्या हातात पडणार, व्याज दसादशे १ टक्का. गोदामभाडं, हाताळणी आणि विमा वेगळा. विकायला एक वर्षाची मुदत. मुदतीत सोडवला नाही तर मालाचा लिलाव.

५०० पौंडांची एक गासडी घेऊ. भाव ८ सेंट, म्हणजे ४० डॉलरचा माल आणि हातात ३२ डॉलर. सहा महिन्यांनी भाव साडेनऊ सेंट झाला तर गासडी ४७.५० डॉलरला जाते. त्यातून ३२ मुद्दल आणि व्याज फक्त १६ सेंट वजा. गोदामाचा खर्च काढूनही आधीचे ३२ आणि आताची शिल्लक मिळून ४६-४७ डॉलर पडतात. नोव्हेंबरात विकली असती तर ४०. शिवाय या नोटा सुगीला बाजारात येतात आणि माल सुटताना परत जातात. म्हणजे चलन हंगामाबरोबर फुगतं नि आटतं. मॅक्यून यांची खरी कल्पना ही होती. गोदाम हे निमित्त.

अडली कुठे असती? पहिली अडचण अगदी साधी. कुळाचा कापूस आधीच दुकानदाराच्या बोजाखाली, मग गोदामाची पावती कुणाच्या नावाने निघणार? पहिल्या हंगामात तरी ती दुकानदाराच्याच गल्ल्यात गेली असती. दुसरी: सगळ्यांनीच माल रोखून ठेवला तर तोच ढीग वसंतात कोसळणार. तिसरी: भाव ८० टक्क्यांच्या खाली घसरला तर माल सोडवायला कुणी येणार नाही आणि सरकार कापसाचं मालक होऊन बसणार. चौथी राजकीय. कॅन्ससच्या शेतकऱ्याचं कर्ज पिकावर नव्हतं, जमिनीवर होतं. म्हणून डिसेंबर १८९०च्या अलायन्सच्या 'ओकाला मागण्यां'त जमिनीवरचं कर्जही जोडलं गेलं आणि व्याजाची कमाल मर्यादा २ टक्के झाली.

"पुढे कुणी हातात धरली नाही" हे मात्र पूर्ण खरं नाही. १९१३च्या फेडरल रिझर्व्ह कायद्यात इतर व्यापारी हुंड्यांना ९० दिवसांची मुदत, तर शेतीच्या हुंड्यांना सहा महिन्यांची. १९१६च्या वेअरहाउस कायद्याने परवानाधारक गोदामाची पावती तारण म्हणून चालू लागली. आणि १९३३च्या शरदात कमोडिटी क्रेडिट कॉर्पोरेशन या सरकारी महामंडळाने कापसावर पौंडाला १० सेंट कर्ज दिलं तेही असं, की भाव चढला तर माल सोडवा, नाहीतर सरकारला देऊन मोकळे व्हा. मॅक्यून यांची योजना ४४ वर्षांनी, तीही दुसऱ्याच मंडळींच्या हातून आली.

---

ठोकनाणं

१६ला १चं गणित. चांदीच्या डॉलरमध्ये ३७१.२५ ग्रेन (वजनाचं एक छोटं माप) शुद्ध चांदी, सोन्याच्या डॉलरमध्ये २३.२२ ग्रेन शुद्ध सोनं. भागाकार केला की १५.९९, बोलीभाषेत १६. एका ट्रॉय औंसात ४८० ग्रेन, म्हणजे टांकसाळीच्या हिशेबाने औंसभर चांदीचे १.२९ डॉलर. १८७३च्या नाणेकायद्यात चांदीच्या या डॉलरचं नाव गाळलं गेलं. तेव्हा कुणी फारशी ओरड केली नाही, कारण बाजारात चांदी त्याहून महागच होती. नंतर पश्चिमेच्या खाणी ओतू लागल्या, युरोपातले देश सोन्यावर गेले, आणि १८९६पर्यंत चांदी ६८ सेंटांच्या आसपास आली. प्रत्यक्ष गुणोत्तर ३०ला १.

आता 'मुक्त टंकन' म्हणजे काय ते पाहा. कुणीही चांदी आणा, टांकसाळ जुन्याच दराने डॉलर पाडून देईल, मात्रा कितीही असो. १०० औंस चांदी बाजारातून ६८ डॉलरला घ्या आणि टांकसाळीतून १२९ डॉलर घेऊन बाहेर या. अशा स्थितीत सोन्याचा डॉलर कोण खर्च करणार? तो तिजोरीत किंवा देशाबाहेर जाणार आणि व्यवहार चांदीवर येणार. विरोधक त्याला '५३ सेंटांचा डॉलर' म्हणत, आणि ३७१.२५ ग्रेनची बाजारभावाने किंमत काढली तर ती खरंच तेवढीच येते.

पण कर्जदाराला नेमकं तेच हवं होतं. ५०० डॉलरचं कर्ज कापूस १० सेंट असताना काढलं तर ते ५०० पौंडी १० गासड्यांचं. ५ सेंटांवर आला की त्याच कर्जाला २० गासड्या. आकडा तोच, ओझं दुप्पट. १८९४मध्ये भाव त्या पातळीला आला होता.

माझ्या मते चांदीने पॉप्युलिस्टांना बुडवलं. ती समजायला सोपी, खाणमालकांचा पैसा पाठीशी, आणि डेमोक्रॅट पक्षाला अख्खी उचलता येण्याजोगी. जुलै १८९६मध्ये शिकागोच्या अधिवेशनात डेमोक्रॅटांचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार ब्रायन यांनी ती उचलली. आता पॉप्युलिस्टांनी स्वतंत्र उमेदवार दिला असता तर मतं फुटली असती, आणि ब्रायनना पाठिंबा दिला तर पक्ष विरघळला असता. त्यांनी अर्धवट तोडगा काढला. राष्ट्राध्यक्षपदाला ब्रायनच, पण उपाध्यक्षपदाला डेमोक्रॅटांचे आर्थर स्यूअल नकोत, कारण ते मेनचे बँकवाले आणि जहाजबांधणीवाले. त्यांच्या जागी जॉर्जियाचे टॉम वॉटसन. निकालात राज्यवार निर्वाचक मतं रिपब्लिकन मॅकिन्ली यांना २७१, ब्रायन यांना १७६. त्या १७६मधली उपाध्यक्षपदाची मतं स्यूअल १४९ आणि वॉटसन २७ अशी फुटली. सब-ट्रेझरीचं नाव प्रचारात जवळपास ऐकूच आलं नाही.

गंमत अशी की चलन पुढे वाढलंच. दक्षिण आफ्रिकेतल्या आणि क्लोंडाइकच्या सोन्याने, शिवाय हलक्या धातुकातून सायनाइडने सोनं काढायच्या तंत्राने भाव वर गेले. कायद्याने मागितलेलं काम खाणींनी केलं, फक्त धातू वेगळा.

---

सनावळी

@गासडी, @ठोकनाणं, दोघांचेही आभार. मग प्राप्तिकर आणि सिनेट यांचा प्रवास कसा? तिथे वारसा सरळ आहे ना?

---

कलमकसाई

प्राप्तिकराचा बऱ्यापैकी सरळ. १८९४मध्ये ४,००० डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर सपाट २ टक्के कर लागला. १८९५मध्ये पोलॉक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ने तो रद्द केला. कारण मालमत्तेच्या उत्पन्नावरचा कर 'प्रत्यक्ष कर' ठरवला आणि असा कर राज्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात वाटावा लागतो, जे व्यवहारात अशक्य. म्हणून घटनादुरुस्तीवाचून वाट नव्हती. सोळावी दुरुस्ती फेब्रुवारी १९१३मध्ये मंजूर झाली. त्याच वर्षीचा कर एकट्या माणसाला ३,००० आणि जोडप्याला ४,००० डॉलरच्या वर १ टक्का, अधिभार धरून ५ लाखांवरच्या उत्पन्नाला ७ टक्के.

सिनेटचा रस्ता मजेदार आहे, कारण तो घटनेला वळसा घालून गेला. ऑरेगनचे विल्यम युरेन मूळचे पॉप्युलिस्टच. घटनेनुसार सिनेटर राज्याचं विधिमंडळ निवडतं, मग त्यांनी विधिमंडळाच्या उमेदवारांपुढेच कागद ठेवला. 'स्टेटमेंट नंबर वन' असं त्याचं नाव: मी सिनेटसाठी लोकांच्या कौलात पहिला आलेल्यालाच मत देईन, पक्ष कोणताही असो. सही न करणाऱ्याला स्वतःच्या मतदारसंघात उत्तर द्यावं लागायचं. जानेवारी १९०९मध्ये रिपब्लिकनांचं बहुमत असलेल्या विधिमंडळाने मुकाट्याने डेमोक्रॅट जॉर्ज चेंबरलेन यांना सिनेटवर पाठवलं. १९१३च्या एप्रिलमध्ये सतरावी दुरुस्ती आली तेव्हा ऑरेगनसारख्या राज्यांत ती गोष्ट जुनी झाली होती.

त्रिकुटाबद्दल. इनिशिएटिव्ह म्हणजे सह्या गोळा करून कायद्याचा मसुदा थेट मतदानाला लावायचा. रेफरेंडम म्हणजे विधिमंडळाने केलेला कायदा सह्यांनी अडवून मतदानाला न्यायचा. रिकॉल म्हणजे निवडून दिलेल्याला मुदतीआधी घरी पाठवायचं. यातल्या पहिल्या दोघांची ओमाहाने शिफारस केली होती, पण मुख्य जाहीरनाम्यात नाही, जोडलेल्या ठरावांत. साउथ डकोटाने १८९८मध्ये दोन्ही आणले, ऑरेगनने १९०२मध्ये (इनिशिएटिव्हला आधीच्या मतदानाच्या ८ टक्के सह्या, रेफरेंडमला ५), रिकॉल १९०८मध्ये. कॅलिफोर्नियात हायरम जॉन्सन यांनी ऑक्टोबर १९११मध्ये तिन्ही एकदम आणले. रोख सदर्न पॅसिफिक रेल्वेच्या विधिमंडळावरच्या पकडीवर होता.

न्यायाधीशांच्या रिकॉलवरून तर एका राज्याची निर्मितीच अडली. ॲरिझोनाच्या प्रस्तावित घटनेत तो होता म्हणून ऑगस्ट १९११मध्ये राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी राज्याच्या दर्ज्यावर नकाराधिकार वापरला. ॲरिझोनाने कलम काढलं, १४ फेब्रुवारी १९१२ला राज्य झालं आणि त्याच नोव्हेंबरात मतदान घेऊन कलम परत घातलं.

हे यंत्र आतून कसं चालतं ते कॅलिफोर्नियात बघा, कारण तिथे ते रोजचं आहे. साध्या कायद्याला मागच्या गव्हर्नरच्या निवडणुकीतल्या मतांच्या ५ टक्के सह्या, घटनादुरुस्तीला ८. २०२२च्या मतदानावरून हे आकडे ५,४६,६५१ आणि ८,७४,६४१ येतात. मसुदा दाखल करायला २,००० डॉलर, सह्यांना १८० दिवस. जमा झालेल्या सह्या आधी सगळ्या तपासत नाहीत. प्रत्येक काउंटी ३ टक्के किंवा ५०० यांतला मोठा नमुना काढते. त्यावरून अंदाज ११० टक्क्यांच्या वर गेला तर प्रस्ताव पात्र, ९५च्या खाली गेला तर बाद, मधे अडकला तर एकेक सही मोजायची.

इथेच हौशी गट आपटतात. ७ लाख सह्या आणल्या आणि त्यांतल्या ७५ टक्के वैध निघाल्या तर ५,२५,०००, म्हणजे ९६ टक्के. पूर्ण मोजणी होते आणि शेवटी प्रस्ताव पडतो. नमुन्यावरच सुटायचं तर ६,०१,३००च्या वर वैध हव्यात, म्हणजे ७५ टक्के धरून आठ लाखांहून जास्त जमवा. दुबार सही तर जीवघेणी. ३ टक्क्यांच्या नमुन्यात एकाच माणसाच्या दोन सह्या सापडल्या तर पूर्ण गठ्ठ्यात अशा कितीतरी असतील असं धरतात, आणि सूत्राप्रमाणे त्या एका जोडीपायी हजाराहून जास्त सह्या वजा होतात. १८० दिवसांत एवढं स्वयंसेवकांच्या जिवावर क्वचितच जमतं, म्हणून दर सहीमागे पैसे घेणाऱ्या कंपन्या आल्या. २०२०च्या प्रपोझिशन २२मध्ये ॲपवरून टॅक्सी आणि डिलिव्हरी चालवणाऱ्या कंपन्यांच्या बाजूने २० कोटी डॉलरच्या वर खर्च झाला आणि ते मंजूर झालं. रेल्वे कंपनीच्या विरोधात घडवलेलं हत्यार आहे हे.

---

खुंटीवरचा कंदील

वरच्या सगळ्या चर्चेत एक मोठी फट राहिली. 'लोक' म्हणजे कोण?

टेक्ससमध्ये १८८६ला कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची वेगळी अलायन्स निघाली, कारण गोऱ्यांच्या अलायन्समध्ये त्यांना जागा नव्हती. १८९१मध्ये त्यांनी कापूस वेचणीच्या मजुरीसाठी संप पुकारला तेव्हा गोरे अलायन्सवाले विरोधात गेले, कारण मजुरी द्यायची त्यांनाच होती. तरी नॉर्थ कॅरोलिनात पॉप्युलिस्ट आणि रिपब्लिकन यांची आघाडी १८९४पासून विधिमंडळात होती, काळ्या मतदारांच्या जोरावर. १० नोव्हेंबर १८९८ला विल्मिंग्टनमध्ये सशस्त्र गोऱ्या जमावाने माणसं मारली आणि निवडून आलेलं नगर प्रशासन बंदुकीच्या धाकाने उलथवलं. लुइझियानात १८९६मध्ये १,३०,३३४ काळे मतदार नोंदलेले होते. १८९८च्या नव्या राज्यघटनेनंतर १९०४मध्ये उरले १,३४२.

प्रोग्रेसिव्ह सुधारणा या कापलेल्या मतदारयादीवर बसवल्या गेल्या. गुप्त मतदान घ्या. ओमाहाच्या ठरावांत ते होतं, पण मॅसॅच्युसेट्सने १८८८मध्येच आणलेलं, त्यामुळे श्रेय वाटताना जपून. आधी पक्ष स्वतः छापील चिठ्ठी देत, ती पेटीत टाकली की झालं. सरकारी मतपत्रिका आली आणि ती वाचता येणं भाग पडलं, म्हणजे साक्षरतेची परीक्षाच. त्यातच एका उमेदवाराचं नाव दोन पक्षांखाली छापायला अनेक राज्यांनी बंदी घातली आणि पॉप्युलिस्टांची आघाडी करायची वाटच बुजली. प्रायमरीने (पक्षाचा उमेदवार मतदारांनीच ठरवायच्या निवडणुकीने) पक्षाच्या पुढाऱ्यांची बंद खोली मोडली, हे विस्कॉन्सिनमध्ये खरं. दक्षिणेत डेमोक्रॅटांची प्रायमरी 'फक्त गोऱ्यांसाठी' झाली, आणि खरी निवडणूक तीच असल्यामुळे बाकीच्यांचं मत शोभेचं उरलं. १९४४च्या स्मिथ विरुद्ध ऑलराइट निकालापर्यंत हे चाललं.

शहरांचंही तेच. १९००च्या वादळानंतर गॅल्व्हस्टनने वॉर्डवार नगरसेवक काढून पाच आयुक्तांचं मंडळ नेमलं, एकेकाकडे एकेक खातं. पूर्ण शहरातून मतदान असेल तर वॉर्डातला लाचखाऊ पुढारी जातो हे बरोबर, पण एका वस्तीत एकवटलेला अल्पसंख्याक समाजही कुणाला निवडून आणू शकत नाही. अलाबामातल्या मोबाइल शहराने १९११मध्ये घेतलेली ही पद्धत १९८०मध्ये याच मुद्द्यावरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली.

---

गासडी

@खुंटीवरचा कंदील, कुळाचा मुद्दा लिहिताना हे मीच घ्यायला हवं होतं. कापसातली बरीच कुळं काळी होती, आणि वर लिहिलेला पावतीचा प्रश्न त्यांच्याच बाबतीत सर्वांत तिखट होता.

@सनावळी, पॉप्युलिस्ट मागणी आणि प्रोग्रेसिव्ह साधन एकाच ठिकाणी पाहायचं असेल तर नॉर्थ डकोटा वाचा. तिथल्या गव्हाची प्रत आणि कचऱ्यापोटी कापायचं वजन मिनियापोलिसच्या धान्यबाजाराच्या पद्धतीने ठरायचं, एलेव्हेटर (धान्याची उंच कोठारं) त्यांचे, तराजूही त्यांचा. जवसाच्या शेतीत बुडालेल्या आर्थर टाउनली यांनी १९१५मध्ये नॉनपार्टिझन लीग काढली. नवा पक्ष काढायच्या फंदात ते पडले नाहीत. रिपब्लिकन प्रायमरीत आपले उमेदवार घुसवले आणि १९१६मध्ये लिन फ्रेझियर गव्हर्नर झाले. १९१९मध्ये २० लाख डॉलरच्या भांडवलावर राज्याची स्वतःची बँक निघाली, १९२२मध्ये ग्रँड फोर्क्सला राज्याची पिठाची गिरणी आणि एलेव्हेटर. दोन्ही आजही चालू आहेत.

आणि रिकॉल? १९२०मध्ये राज्यघटनेत आला, ऑक्टोबर १९२१मध्ये त्याच रिकॉलने फ्रेझियर यांना घालवलं, सुमारे चार हजार मतांच्या फरकाने. अमेरिकेत रिकॉल झालेले ते पहिले गव्हर्नर. त्याच दिवशी बँकेचा गाशा गुंडाळायचा प्रस्तावही मतपत्रिकेवर होता, तो मतदारांनी फेटाळला. पुढच्या वर्षी त्याच मतदारांनी फ्रेझियर यांना थेट मतदानाने सिनेटवर पाठवलं.